यादृच्छिक

संमतीपत्राच्या सातव्या पानावर अडले आहे.
इंग्रजीचं मराठी करायचं, शाणूमामाला कळेल असं,
आणि कोशात या जागी एकच शब्द: यादृच्छिक.
पेडण्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवली,
हा शब्द फळ्यावर कधी लिहावा लागला नाही.

मामा सोप्यावर. उजवी टाच स्टुलावर,
म्हणजे टाच होती तिथलं बँडेज.

आगरवाड्याच्या मिठागरात त्रेचाळीस वर्षं अनवाणी.
टाचेवर काळं आलं तेव्हा सगळेच म्हणालो, कुरूप.
मामीने बिब्बा तापवून लावला.
बिब्ब्याचा डाग काळा, खालचाही काळा,
कोणता कुणाचा हे कळायला सव्वा वर्ष गेलं.
मीठ मात्र त्या साली चांगलं पिकलं.

बांबोळीला डॉक्टर कुलासोबाईंनी जांघेतली गाठ चाचपली,
मग हात धुवायला गेल्या, त्या बराच वेळ.
मेलानोमा, म्हणाल्या.
मामा हसला : "मेलो ना मां अजून!"
बाईही हसल्या. मग कुणीच नाही.

कापायचं तेवढं कापलं.
पुढचं त्यांनी केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं.
सलाइनमधून जाणारं औषध, दर तीन आठवड्यांनी,
आतल्या राखणदाराला जागं करणारं;
एका बाटलीत आमचं दोन हंगामांचं मीठ.
गोळ्याही आहेत, पण जनुकात अमुक बदल असेल तरच.
तुकडा पुण्याला गेला, उत्तर आलं : नाही.
मामाला वाटलं, नाही म्हणजे बरंच की.
त्याला मी काही बोलले नाही.

मग रात्री जेवणं झाल्यावर चाचण्यांच्या याद्या.
एकीला तोच जनुक हवा.
एकीची भरती मार्चमध्येच बंद.
एकीला वय सत्तरच्या आत; मामा आधारवर बाहत्तर,
कुण्या मास्तरांनी अंदाजे टाकलेली तारीख, एक जून.
एकीत स्पष्ट लिहिलेलं :
तळव्यावरचा किंवा नखाखालचा असल्यास अपात्र.
पंगतीतून उठवल्यासारखं झालं मला,
लॅपटॉप मिटून मी मांजरावर ओरडले.

अकराव्या की बाराव्या रात्री, मुंबईच्या एका केंद्रावर :
फक्त तळपायाचा, तळहाताचा.
तीनदा वाचलं.
त्या पायांची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

तर हे सातवं पान.
दोन गट. एकात जुनं औषध, एकात जुन्याच्या जोडीला नवं.
कोण कुठे, हे डॉक्टरांच्या हातात नाही,
तुमच्या नाही, आमदाराच्या चिठ्ठीच्याही नाही.
"म्हणजे देवाला पाकळ्या लावतात तसं?
उजवी पडली तर हो, डावी पडली तर..."
तसं नाही मामा. इथे उजवी बरी की डावी
तेच अजून ठाऊक नाही, म्हणून तर विचारतात.
"कुणाला?"
तुम्हाला. तुमच्यासारख्या दोनशे जणांना.

तो मानशीकडे बघत राहतो.
भरती लागली आहे, दारं आपसूक मिटताहेत.

"आणि एकदा सांगणं घातलं की उठायचं नाही, ना?"
मी नववं पान काढते :
कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, बाहेर पडता येईल;
पुढच्या उपचारांत त्यामुळे काही कमी होणार नाही.
तो पुन्हा वाचायला लावतो. कारण न सांगता?
"गो बाय, हा कुठला देव?"

यादृच्छिक खोडते. वर लिहिते, चिठ्ठी टाकल्यासारखं.
तेही बरोबर नाही. राहू दे.

सहीच्या जागी अंगठा चालतो, पण मिठाने बोटं गुळगुळीत,
रेशनच्या मशीनला तो कधी लागलाच नाही.
नाव शिकव म्हणतो.
पेन्सिल धरते त्याच्या मुठीवरून, शेंडीफोड्या श,
त्याची शेंडी सारखी उलट्या बाजूला जाते.
थिवीहून गाडी कितीची, विचारतो.
पावणेसहाची, म्हणते. परत काढ.